पेनड्राइव्ह ओढून काढू नका!

आम्ही पनवेल तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय.

गटाने जुना संगणक घेतला. त्यावर विंडोज फार रखडायचं, म्हणून शिकवणाऱ्या मुलाने लिनक्स मिंट घालून दिलं. लिनक्स १९९१ साली सुरू झालं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं.

पण पहिल्याच दिवशी कुक्कुटपालनाचा व्हिडिओ लावला, तर आवाज नाही की चित्र नाही. आम्हाला वाटलं, यंत्रच बिघडलं. तसं नव्हतं. व्हिडिओ दाबून, घडी घालून साठवलेला असतो. ती घडी उलगडणाऱ्या साधनाला कोडेक म्हणतात. काही कोडेकवर कंपन्यांचे पेटंट हक्क असतात, म्हणून ते आधीपासून घालून देत नाहीत. आपण घालायचे.

मोबाइलचं नेट संगणकाला जोडा. मेन्यूत 'साउंड अँड व्हिडिओ' उघडा. तिथे 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' दिसेल, ते दाबा आणि पासवर्ड द्या. एवढ्यावर बहुतेक व्हिडिओ चालतात. तरी अडलं, तर 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून व्हीएलसी घ्या. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा नारिंगी शंकू, हे त्याचं चिन्ह. तेही फुकटच.

आता आमची चूक सांगतो. गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. त्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घेतल्या आणि घाईत पेनड्राइव्ह ओढून काढला. मोबाइलवरच्या मूळ फाइली तर आधीच पुसल्या होत्या. घरी लावून पाहिलं, तर निम्म्या ओव्या उघडेचनात.

झालं काय? पडद्यावर काम संपलेलं दिसतं, तेव्हाही मजकूर पेनड्राइव्हवर उतरत असतो. पातेल्यातलं डब्यात ओतत असतानाच डबा ओढावा, तसं आम्ही केलं. म्हणून फाइलींच्या खिडकीत पेनड्राइव्हच्या नावाशेजारी वर टोक केलेला त्रिकोण असतो, तो आधी दाबा. काढायला हरकत नाही असं दिसलं, की मगच काढा.

विंडोजवर वापरलेली हार्डडिस्क लिनक्सवर उघडते, पण कधीकधी तिच्यावर काही लिहू देत नाही. ती नीट बंद न करता काढलेली असते. पुन्हा विंडोजच्या संगणकाला लावा, शिफ्टचं बटण दाबून धरून 'शट डाउन' करा, आणि मगच काढा.

आजींनी आम्हाला बोल लावला नाही. पुन्हा जात्याशी बसल्या, पण काही ओव्या त्यांना आठवल्या नाहीत. त्या गेल्या त्या गेल्याच. आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन प्रती ठेवतो, एक संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर. दोन्ही वाजवून पाहिल्याशिवाय मूळ फाइल पुसत नाही.

शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. चार जणी मिळून बघा. आणि तुमच्या गावातल्या आजींच्या ओव्या आजच रेकॉर्ड करून ठेवा.