जेडचं रोप: थोडं पाणी, थोडा धीर



आज आम्ही जेडच्या रोपाबद्दल बोलणार आहोत. करंगळीच्या नखाएवढी गोल, जाडसर, चकचकीत पानं आणि तांबूस फांद्या असलेलं हे झाड तुम्ही शहरात दवाखान्याच्या टेबलावर किंवा एखाद्या दुकानाच्या गल्ल्यापाशी पाहिलं असेल. आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "देवाला वाहता येत नाही, भाजी होत नाही, मग कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की आम्ही सांगोल्याकडच्या बाया. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या. कमी पाण्यावर, दारातल्या हातभर जागेत वाढणारं आणि विकलं जाणारं काहीतरी आम्हाला हवं होतं.

आधी ओळख नीट करून घेऊ, कारण जेड म्हणून दोन झाडं विकली जातात. एकाची पानं मोठी, अंगठ्याएवढी असतात आणि खोड जाड, हिरवट करडं असतं. ते वेगळं झाड. आपण बोलतोय ते बारीक पानांचं. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण नात्यातली नाहीत. आपल्या झाडाचं शास्त्रीय नाव पोर्टुलाकारिया आफ्रा. त्या नावाचा अर्थच घोळीसारखं. आपली घोळीची भाजी आठवा, तशीच रसाळ पानं आणि तशीच आंबट चव. तिकडची माणसं ही पानं खातातही. पण विकतच्या रोपावर कोणतं औषध मारलंय ते आपल्याला कळत नाही, आणि त्या दुसऱ्या जेडशी गल्लतही होते, म्हणून आम्ही कुणाला खायला सांगत नाही.

तिकडे याला हत्तीचं खाणं म्हणतात. हत्ती वरून फांद्या ओरबाडतो, काही खाली पडतात आणि पडतील तिथे मूळ धरतात. म्हणजे हत्तीने खाऊन झाड वाढतंच. शेळीचं उलटं. ती जमिनीलगतच्या, मूळ धरू पाहणाऱ्या फांद्याच आधी खाते. तिकडे शेळ्यांच्या अती चराईने या झाडाची मोठमोठी रानं उजाड झाली आणि आता पुन्हा फांद्या खोचून ती उभी करण्याचं काम चालू आहे. आपल्याला यातून दोन गोष्टी कळतात: फांदी खोचली की झाड होतं, आणि रोपं शेळीच्या तोंडाला लागू द्यायची नाहीत.

आता पाण्याचं. झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात, तेव्हा आतलं पाणीही उडून जातं. हे झाड मोठं हुशार. पाणी असेल तेव्हा इतरांसारखं वागतं, पण ताण पडला की छिद्रं रात्री गारव्यात उघडतं आणि दिवसा मिटून बसतं. रात्री घेतलेली हवा पानात आंबट रसाच्या रूपात साठते. म्हणून ते आठ-दहा दिवस पाण्यावाचून तग धरतं. आणि म्हणूनच ते तहानेने क्वचित मरतं, जास्त पाण्याने मात्र हमखास.

लावायचं कसं? डाळिंबाची गुटी बांधणाऱ्या हातांना हे फार सोपं आहे. चार-पाच इंचांची निरोगी फांदी कापा, खालची पानं काढा आणि दोन-तीन दिवस सावलीत कागदावर तशीच पडू द्या. काप सुकला पाहिजे. ओल्या कापाची फांदी मातीत घातली तर कुजते. घाई इथेच होते, म्हणून पुन्हा सांगतो: आज कापलेली फांदी आज लावायची नाही.

नुसती काळी माती चालत नाही, ती पाणी धरून ठेवते. एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक वाटा कुजलेलं शेणखत घ्या. तेलाचा डबा, फुटका माठ, काहीही चालेल, पण बुडाला भोकं हवीतच. फांदी लावल्यावर पहिले चार-पाच दिवस पाणी नको. मग थोडं थोडं. तीन-चार आठवड्यांत मूळ धरतं. हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं की समजा रोप झालं.

पुढे पाण्याला वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. पानं किंचित सुरकुतली तर तहान लागलीय. पिवळी, मऊ होऊन गळायला लागली तर पाणी जास्त झालंय. पावसात डबे वळचणीखाली घ्या, पण पागोळ्या पडतील तिथे नको. सकाळचं चार तास ऊन मिळालं की झाड भरतं. अंधाऱ्या खोलीत ते लांबट, विरळ होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी डबा तापतो आणि मुळं भाजतात, तेव्हा पूर्वेची बाजू बरी. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा आणि निंबोळी अर्कात चिमूटभर साबण घालून फवारा.

शेंडे खुडत राहा. झाड डेरेदार होतं आणि खुडलेल्या शेंड्यांची नवी रोपं होतात. एका झाडातून वर्षभरात किती झाडं होतात ते तुम्हीच मोजा.

आता पैशाचं. पिशवी, माती, खत धरून एक रोप आम्हाला आठ-दहा रुपयांना पडतं, मजुरी वेगळी. बाजारात ते तीस-चाळीसला जातं. वर्षभर वळण दिलेलं, चांगल्या कुंडीतलं झाड दीडशेलाही जातं. यातून कुणी बंगला बांधणार नाही. पण आमच्या एका मैत्रिणीच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे हे पहिले पैसे. म्हणून गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने साठ रोपं उधारीवर नेली आणि पुढे फोन उचलणं बंद केलं, तेव्हा त्यातली बावीस तिची होती, हे आम्हाला जास्त लागलं. गटाने व्याजाच्या रकमेतून तिला निम्मे भरून दिले. आता रोख दिल्याशिवाय रोप हलत नाही, आणि कुणाची किती रोपं गेली ते वहीत त्याच दिवशी लिहिलं जातं.

एका गोष्टीवर आमच्यात अजून वाद आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे पैसे आणणारं झाड ना?" काही जणी म्हणतात, हो म्हणावं आणि लाल फीत बांधून दहा रुपये जास्त घ्यावेत. बाकीच्यांना ते पटत नाही. घरातली हवा शुद्ध होते असंही लोक विचारतात, पण एका कुंडीने काही फरक पडत नाही. सध्या ठरलंय ते इतकंच: फीत बांधायची, ती दिसते छान, पण वचन कसलं द्यायचं नाही. कमी पाण्यात जगतं, एवढं सांगूनही रोपं जातात.

ज्यांना लावून बघायचंय त्यांनी आपल्या गावच्या एखाद्या ओळखीच्या झाडाची फांदी मागावी, विकत घ्यायची गरज नाही. आमच्याकडे येणार असाल तर बैठकीच्या दिवशी या. प्रत्येकीला तीन फांद्या देतो. येताना प्लास्टिकची पिशवी नको, जुना पेपर आणा. पिशवीत फांदी घामेजते.