एकटीने गायचे तर पेटी की कीबोर्ड?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या गृहिणीला आपण बोलायला उभे केलेत, याबद्दल मी आभारी आहे. फराळाच्या विक्रीतून मंडळाने वाद्यासाठी पैसे साठवले आहेत. पेटी घ्यावी की कीबोर्ड, हे आता ठरवायचे आहे.

कीबोर्ड परका म्हणून काहीजणी नाक मुरडतात. पण पेटी तरी कुठे आपली होती? पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. हातभात्याच्या पेटीचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले, ते १९७१ साली किलकिले झाले. तोवर ती आपल्या भजनांत घरचीच झाली होती.

खरा प्रश्न गळ्याचा आहे. पुरुष बहुधा काळी एक-दोनमध्ये गातात, बायकांचा गळा काळी चार-पाचकडे असतो. पेटीवाले भाऊ आपल्या पट्टीत वाजवतात आणि आपण खाली घोगऱ्या होतो, नाहीतर वर किंचाळतो. मग घरी येऊन म्हणतो, "मला गाता येत नाही." वाद्य आपल्या हाती असले की पट्टीही आपली.

पेटीला वीज लागत नाही, सूर भरदार येतो, जमिनीवर बसून वाजवता येते. मात्र डावा हात भात्यात अडकतो, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पट्टी सरकवण्याची सोय असलेली पेटी महाग आणि जड असते.

कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलता येते, बोटे शिकलेल्या जागीच राहतात. दोन्ही हात मोकळे असतात. सदतीस पट्ट्यांत तीन सप्तके येतात, एकसष्टांत पाच. शेकडो आवाज आहेत म्हणून भुलू नका. पियानोचा सूर वाजून विरतो. भजनाला टिकणारा सूर हवा, म्हणून हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा आवाज ऐकून बघा. बॅटरीवर चालतो का, हेही विचारा. आतला कर्णा लहान असतो, देवळाच्या सभामंडपात लाउडस्पीकरला जोडावा लागेल. नुसता तालाचा ठेका लावून गाऊ नका. ठेका आपल्यासाठी थांबत नाही.

घरी रोज एकटीच रियाझ करणारीने खुशाल पेटी घ्यावी. मंडळात मात्र दहा गळे दहा पट्ट्यांचे. म्हणून मंडळासाठी एकसष्ट पट्ट्यांचा, बॅटरीवरही चालणारा कीबोर्ड घ्यावा, असे माझे मत आहे. दुकानात मात्र गाणारीलाच न्यावे. तिने तिथे एक अभंग पूर्ण म्हणावा, मगच पैसे मोजावेत. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

वाद्य आले की कपाटात कुलूपबंद ठेवू नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.