बंदुकीवर दुर्बीण लावण्याआधी
(कोडोली येथील बैठकीतील भाषण)



सकाळपासून तरुण पोरं मला एकच विचारतायत. रानडुकरासाठी बंदुकीवर दुर्बीण बसवायची, तर कोणती घ्यायची? प्रश्न वेडा नाही. ज्याच्या दहा गुंठे भुईमुगाचा एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखा चोथा झाला, त्यालाच तो सुचतो. उत्तर देतो, पण सुरुवात बंदुकीपासून करू.

1959 च्या हत्यार कायद्याचं 13 वं कलम पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतं. ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे आपल्याकडची बारा बोअर. (आचारसंहिता लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. डुकरांना आचारसंहिता नाही.) या नळीला आत आटे नसतात. एल.जी. काडतुसात सहा मोठे छर्रे, एस.जी.त नऊ. तीस-पस्तीस मीटरच्या पुढं ते पांगतात, डुक्कर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात. एवढ्या पल्ल्याच्या बंदुकीवर नऊ पट दुर्बीण म्हणजे परसातल्या वाफ्याला पाच अश्वशक्तीचा पंप.

तरी आकडे समजून घ्या, कारण दुकानदार तेवढेच सांगतो. ‘3-9×40’ म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. आता 40 ला पटीनं भागा. तीन पटीला तेरा मिलिमीटर, नऊ पटीला साडेचारच्या आत. डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी. अंधारात विशीतल्या पोराची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीच्या माणसाची पाचेक. म्हणजे रात्री पट वाढवली की चित्र मोठं होतं आणि काळवंडतं. डुकरं येतात रात्री. तेव्हा जितकी जास्त पट तितकी दुर्बीण चांगली, हा हिशेबच उलटा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अशा दुर्बिणीतून तीन पटीला शंभर मीटरवर दहा-अकरा मीटर रुंदीचं दिसतं, नऊ पटीला चारेक मीटर. तीस मीटरवर नऊ पट ठेवली, तर जेमतेम सव्वा मीटर. त्यात डुक्कर मावतं, शेजारचा राखणदार मावत नाही. आपल्याकडं बांधाला बांध आहे, पलीकडच्या माळ्यावर कुणाचा तरी म्हातारा झोपलेला असतो, ऊसतोडीच्या दिवसांत तर शिवारात खोपीच खोपी. उसाचा पाला हलला म्हणून चाप ओढणं म्हणजे आंधळेपणा. ज्यांच्याकडं परवान्याची .315 रायफल आहे त्यांनी तर जास्तच जपावं. तिची गोळी किलोमीटरच्या पुढंही जीव घेते. मागं माती, ताल किंवा टेकाड नसेल तर बार काढायचाच नाही.

रायफलवर दुर्बीण लावायचीच असेल, तर एक ते चार पटीची, हलकी, धक्का सोसणारी घ्या. डोळा भिंगापासून साडेतीन इंच तरी लांब राहिला पाहिजे, नाहीतर धक्क्यानं भुवई फाटते. आणि बसवल्यावर रीतसर रेंजवर नेम जुळवल्याशिवाय ती शोभेची वस्तू आहे.

माझा सल्ला विचाराल, तर बंदुकीवरची दुर्बीण सोडा आणि गळ्यात अडकवायची 7×50 ची साधी दुर्बीण घ्या. पन्नासला सातनं भागा, सात मिलिमीटर. रात्रीला याहून बरी नाही, परवाना लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, तिकडं काय हललं हे बघायला माणसावर बंदूक रोखावी लागत नाही.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकार संपली. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर 11 व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता, त्याचं मटण वाटलं तर गुन्हा. गवा पहिल्या अनुसूचीत. त्याला पिकासाठी मारण्याची परवानगी मिळतच नाही. गव्यावर बंदूक उचलू नका. आणि कुंपणात मेन लाइनचा करंट सोडू नका. त्यात डुकराआधी आपलाच पोरगा जातो. सौर कुंपणाचं यंत्र क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही.

दाजीपूरचं जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 साली ते अभयारण्य झालं. रान राखायला आमची ना नाही. पण राजाचं असो की सरकारचं, त्या जनावराचा चारा आमच्या शेतातून जातो आणि त्याचं बिल कुणी देत नाही. भरपाई मागितली की पंचनाम्याला दिवस लागतात, तोवर पाऊस खुणा धुऊन नेतो. बिहारमध्ये 2015 साली आणि उत्तराखंडमध्ये 2016 साली केंद्रानं ठरावीक भागांत, ठरावीक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी ठरवलं होतं. म्हणजे रस्ता आहे. आपल्याकडं तो का नको, हे लेखी विचारायचं.

त्यासाठी कागद लागतो. नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, पावलांच्या खुणांसकट. वनक्षेत्रपालाकडं अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. गट नंबर, पीक, लागणीची तारीख, मोडलेलं क्षेत्र गुंठ्यात लिहा, ‘बरंच नुकसान’ असं नको. आज ज्यांनी सातबारा आणलाय त्यांनी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत या, अर्ज इथंच लिहून घेऊ.