कुरणशाळा आणि सिग्नल शाळा

बालकेंद्री शिक्षण, म्हणजे अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि शिक्षकाची सोय यांच्याआधी मुलाची गरज पाहणारे शिक्षण, ही कल्पना आज रंगीत भिंती आणि खेळणी यांच्याशी जोडली जाते आणि त्यामुळे ती सुखवस्तू घरांची मिरास वाटू लागते. परंतु मराठी मुलखातील तिचा सर्वांत कसाचा प्रयोग झाला तो जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या पाड्यांवर.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया आणि खडे यांवर मोजणी शिकवली गेली. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत, तेव्हा वर्ग रानात भरू लागला आणि त्याला कुरणशाळा म्हटले गेले. गैरहजेरीचा दोष मुलाच्या किंवा त्याच्या जातीच्या माथी न मारता तो शाळेच्या रचनेत शोधणे, हे या प्रयोगाचे मर्म होते, आणि सामाजिक न्यायाचा शिक्षकाच्या हाती असलेला भाग तोच आहे.

ठाणे शहरातील नौपाड्याच्या वेशीवर, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महानगरपालिकेच्या साहाय्याने सुरू केलेली सिग्नल शाळा याच परंपरेत बसते. दुष्काळामुळे गाव सोडून आलेल्या, बहुतांशी पारधी, कुटुंबांची मुले सिग्नलवर गजरे आणि फुगे विकत असत. त्यांच्यासाठी मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग उभे राहिले आणि धड्याआधी आंघोळ, स्वच्छ कपडे व जेवण यांची सोय करावी लागली. ज्या समाजावर ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि जो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला तरी लोकांच्या मनातून पुरता गेला नाही, त्या समाजातील मुलाला नावाने हाक मारून वर्गात बसवणे ही लहान गोष्ट नव्हे. २०१८ मध्ये येथील दोन विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. शाळा मुलाच्या कामाजवळ गेली की बालमजुरीला अप्रत्यक्ष मान्यता मिळते आणि गरिबांसाठी वेगळी, दुय्यम शाळा कायमची होते, असे म्हटले जाते. हा धोका खराच आहे; म्हणूनच अशी शाळा पूल ठरली पाहिजे, मुक्काम नव्हे. शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यासाठी पुरेसा आधार देतो, कारण वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढणे बंधनकारक आहे. तरतूद आहे, ती वापरणारा मुख्याध्यापक मात्र हवा.

शाळाबाह्य, म्हणजे कोणत्याही शाळेच्या पटावर नाव नसलेल्या, मुलांची यापुढे जेव्हा घरोघर मोजणी होईल, तेव्हा नौपाड्यातील शिक्षकांनी पुलाखालची जागाही घर म्हणून मोजावी, एवढीच विनंती.