आंघोळीच्या पाण्याचा हिशेब
(फोंडाघाट, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग येथील अभ्यासवर्गात कोरडवाहू भागातून आलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून राधानगरी, दाजीपूरमार्गे घाट उतरून इथे आलात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मागे सह्याद्रीचे रान उभे आहे. तुमच्यापैकी कोणी मनात म्हणेल, ज्यांच्या परसात लाकूड आहे त्यांनी आम्हाला सरपणाचे आणि वीजबिलाचे काय सांगावे?

त्याला आमचे उत्तर असे, की रान जवळ असले तरी मोळी आपल्या पायाने घरी येत नाही. ती बाईच्या डोक्यावरून येते. शिवाय पावसाळ्याचे चार महिने इथे सुके लाकूड मिळत नाही. जून लागण्याआधी बेगमी केली नाही, तर चूल धुमसत राहते. आमची परीक्षा पावसाळ्यात, तुमची थंडीत. हिशेब दोघांचा एकच आहे, आणि तो आपण कधी मांडत नाही. कापसाच्या एकरी खर्चाचा हिशेब आपण तोंडपाठ सांगतो. घरात जळणाऱ्या इंधनाचा खर्च विचारला, की बिलाकडे बोट दाखवतो.

थंडीत बिल का वाढते? पंखे तर बंद असतात. दिवा थोडा लवकर लागतो, पण त्याने बिल फुगत नाही. बिल फुगते ते आंघोळीच्या पाण्याने. बादलीत हिटरचा रॉड सोडला की काय होते ते पाहू. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट वीज लागते. घरात पाच माणसे, पाच बादल्या, म्हणजे रोज ३ युनिट. महिन्याला ९० युनिट.

आता बिलाचा कागद उलगडा. घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर वेगळा, जवळपास दुप्पट. ज्या घराला एरवी ६० युनिट लागतात, ते घर एका रॉडमुळे १५० वर जाते. वरची ५० युनिटे चढ्या दराची. त्यावर वहन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. पाणी तेवढेच गरम होते, पण शेवटच्या दोन बादल्या पहिल्या तीन बादल्यांपेक्षा महाग पडतात. हे बिलावर कोणी लिहून देत नाही. ते आपणच काढायचे.

मग गॅसवर तापवू, असे कोणी म्हणेल. त्याच पाच बादल्यांना महिन्याला पाऊण टाकीहून थोडा जास्त गॅस लागतो. आणि टाकीचा भाव आपल्या गावात ठरत नाही. आपला देश निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस बाहेरून आणतो. २०२२ साली युद्ध युक्रेनमध्ये पेटले आणि मे महिन्यात आपल्याकडची टाकी हजार रुपयांच्या पुढे गेली. पुढे २०२३ आणि २०२४ साली दर उतरवले, पण एवढे कळून चुकले, की चुलीची दोरी कुठेतरी लांब बांधलेली आहे. स्वयंपाकाला गॅस असावाच. बाईच्या डोळ्यातला आणि छातीतला धूर त्याने गेला. पण तो आंघोळीच्या पाण्यावर उधळण्याजोगा माल नाही.

आता तुमच्या शेतात काय आहे ते पाहा. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी एकरी आठ-दहा क्विंटल धरू. उघड्या चुलीवर पाच बादल्यांना रोज सहा-सात किलो पऱ्हाटी लागेल. म्हणजे थंडीच्या तीन महिन्यांना साधारण सहा क्विंटल. एका एकराच्या पऱ्हाटीत घराचा अख्खा हिवाळा निघतो आणि वर उरते. बंबात तापवले तर याहून बरेच कमी लागते, कारण बंबाचा जाळ मधल्या नळीतून जातो आणि पाणी त्याच्याभोवती असते. उघड्या चुलीवर जाळ भांड्याच्या बाजूने निघून जातो. घरात पडून असलेला जुना बंब भंगारात घालू नका. तो अंगणात ठेवा, धूर घरात घेऊ नका.

इथे एक मोठी सावधगिरी आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यातले कापसाचे पीक खाल्ले, ते कोणी विसरलेले नाही. उरलेल्या बोंडांत अळी झोपून राहते, आणि आपणच पऱ्हाटीची गंजी बांधावर रचून तिला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळतो. म्हणजे सरपण वाचवायचे आणि पीक घालवायचे! तेव्हा फरदड घेऊ नका. पऱ्हाटी उपटल्यावर तिच्यावरची किडकी आणि न उमललेली बोंडे आधी तोडून जाळा. मगच काड्या घरी आणा, तुकडे करून वाळवा, आणि पाऊस लागण्याआधी संपवा. उरलेली पऱ्हाटी गावात यंत्र असेल तर बारीक करून शेतात कुजवा. पुढच्या हिवाळ्यासाठी गंजी ठेवायचीच असेल तर तुराटीची ठेवा, कपाशीची नको.

गोबरगॅस पाहायला तुम्ही आलात, त्याबद्दलही मोकळेपणाने बोलू. या तालुक्यात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला, आणि मैला-शेण ही घाण नसून संपत्ती आहे हे लोकांना करून दाखवले. पुढच्या काळात कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने या जिल्ह्यात हजारो गोबरगॅस उभे केले. रान शेजारी असून बायांना शेणाचा गॅस हवासा वाटला, यातच सगळे आले.

पण इथले जसेच्या तसे उचलून तुमच्याकडे नेता येणार नाही. एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे २५ किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. त्यातून निघणारा गॅस टाकीतल्या साडेचारशे ग्रॅम गॅसच्या तोडीचा. दोन-तीन जनावरे गोठ्यात बांधलेली असली तर हे जमते. जनावरे दिवसभर रानात चरत असतील, तर शेण रानातच पडते. दुसरे, शेणातले जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात आणि २० अंशांच्या खाली मंदावतात. आमच्याकडची थंडी सौम्य, तुमच्याकडची कडक. नेमकी गरज असते तेव्हाच गॅस कमी होणार, हे धरूनच चला. खड्डा उन्हाच्या जागी घ्या, वर कडब्याचे किंवा पाचटाचे पांघरूण घाला, शेण उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. आणि गोबरगॅसकडून स्वयंपाकाचीच अपेक्षा ठेवा. पाण्याचे म्हणाल तर ते वाया जात नाही. स्लरी बनून ते शेतातच जाते, गोवरीसारखे खत जळून जात नाही.

तिसरे इंधन फुकटचे आहे. थंडीत तुमच्याकडे आभाळ निरभ्र असते. काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप सकाळी उन्हात ठेवला, तर दुपारी पाणी कोमट मिळते. वेचणीहून आलेल्या बाईने तिसऱ्या प्रहरी त्या पाण्याने आंघोळ केली, तर तेवढी बादली बिलातून गेली. पहाटेच आंघोळ झाली पाहिजे हा नियम कोणासाठी, याचा घरात एकदा विचार व्हावा. पहाटे चारला उठून पाच जणांचे पाणी तापवणारी बाईच दिवसभर कापूस वेचते.

बिल कमी करा एवढे सांगून आम्ही थांबणार नाही. २०२५ साली १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले गेले. म्हणजे ऐन वेचणीत आपल्या मालाला बाहेरच्या मालाशी झुंजायला लावले. आपण विकतो त्याचा भाव मोकळा सोडायचा, आणि विकत घेतो त्याचा भाव वरून ठरवायचा, हा खेळ जुना आहे. त्याविरुद्धची लढाई चालूच राहील. पण लढाई लांबते तेव्हा घरचा दाणागोटा टिकवावा लागतो. विकतचे इंधन जितके कमी, तितके दिवस कापूस घरात थांबवता येतो, आणि बिल भरण्यासाठी पडत्या भावात व्यापाऱ्याच्या दारी जावे लागत नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या महिन्यांत बिलावर पडलेली युनिटे. टाकी किती दिवस पुरली ते. आणि सरपण, गोवऱ्या, पाणी तापवणे यात घरातल्या बाईचे रोज किती तास गेले ते. हा तिसरा आकडा पुरुषांनी अंदाजाने लिहू नये. तो तिलाच विचारून लिहावा.