चिरलेल्या फळाचा रंग

सौंसर तालुक्यातील जामसांवली येथे मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. मंगळवारी व शनिवारी तेथे दर्शनाला गर्दी लोटते. अशा वेळी घरून फळे चिरून नेणारी मंडळी डबा उघडतात, तो सफरचंदाच्या व केळ्याच्या फोडी तांबूस झालेल्या! ‘नासल्या’ म्हणून त्या टाकल्या जातात आणि मुलांच्या हाती उघड्या टोपलीतील लालबुंद टरबुजाची फाक पडते. निवड नेमकी उलटी होते.

फळाच्या पेशीत फिनॉल जातीची द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांना पालटविणारे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोहोंची गाठ पडते आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तपकिरी रंग तयार होतो. लोखंडी विळीने फोड अधिक काळवंडते हे खरे. परंतु विळी नसली तरी रंग यायचाच. वांगी चिरताच पाण्यात टाकणारी गृहिणी प्राणवायूचीच वाट अडविते. लिंबू पिळले तर आम्लाने विकर मंदावते आणि क-जीवनसत्त्व रंग धरू देत नाही. सौंसरकडच्या संत्र्याची फोड काळी पडत नाही, त्याचेही कारण बहुतांशी हेच. चहाच्या हिरव्या पानांना काळा रंग येतो तो याच क्रियेने. तो चहा मात्र कोणी नासला म्हणून ओतून देत नाही!

तेव्हा स्वच्छ हातांनी चिरलेली फोड थोड्या वेळात तांबूस झाली, तर खुशाल खावी. चव जराशी उतरते, क-जीवनसत्त्व काहीसे घटते, इतकेच.

खरे भय जंतूंचे, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. साल निघाली की गोड, ओला गर उघडा पडतो. माशी, मळके पाणी, न धुतलेली सुरी, यांतून जंतू त्यावर येतात आणि उष्म्यात झपाट्याने वाढतात. टरबूज व पपई यांत आम्ल फार थोडे, म्हणून तेथे त्यांना अधिकच वाव. रंग मात्र तासन्‌तास ढळत नाही. ३२ अंश सेल्सिअसहून अधिक उष्म्यात चिरलेले फळ तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. वैशाखात सौंसरकडे पारा याहून कितीतरी वर चढतो. आंबूस वास, बुळबुळीतपणा, फेस वा बुरशी आढळल्यास फोड टाकावी. परंतु यांपैकी काही नसले म्हणून फार वेळ उघडे राहिलेले फळ निर्धोक ठरत नाही. दर्शनाला जाताना केळी व संत्री सालीसकट न्यावीत, आणि सफरचंद धुऊन न्यावे व खातेवेळीच चिरावे.