सूर्याकडे रोखलेलं यंत्र

विष्णुपुरीला शंकर सागर जलाशयाच्या काठावरून उन्हाळ्यात आभाळाकडे पाहा. ढग नसतानाही ते पांढुरकं दिसलं, तर समजा की हवेत धूळ, धूर आणि क्षारांचे सूक्ष्म कण तरंगताहेत. यांनाच एरोसोल म्हणतात.

ते मोजायला हातात मावणारं सन-फोटोमीटर वापरतात. ते सूर्याकडे रोखायचं. आपण मात्र सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, यंत्रावरच्या खिडकीत प्रकाशाचा ठिपका मधोमध आणायचा. वातावरणाबाहेरचा प्रकाश आणि इथवर पोहोचलेला प्रकाश यांची तुलना करून, हवेच्या रेणूंचा वाटा वगळला की कणांची 'प्रकाशीय जाडी' निघते. सूर्य माथ्यावर असताना ती १ आली, तर कणांच्या थरातून थेट किरणांपैकी जेमतेम ३७ टक्केच पार झाले!

खरी गंमत रंगांत आहे. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा बराच जास्त अडला, तर कण बारीक, बहुधा धुराचे. दोन्ही जवळपास सारखेच अडले, तर भरड धूळ.

सूर्यावर विरळ ढग आला तरी आकडा फसवा ठरतो, म्हणून पावसाळ्यात हे यंत्र बहुतेक पेटीतच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) नासाच्या 'एरोनेट' या एरोसोल मोजणाऱ्या जाळ्यातलं, एका जागी बसवलेलं स्वयंचलित यंत्र आहे. हातातलं मात्र पिशवीत टाकून कुठल्याही शिवारात नेता येतं.